कुंपणाच्या आतलं गवत

कुंपण घातल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी मी वहीतल्या एका रकान्यात शून्य लिहिलं. पेल ग्रास ब्लू, 0. आदल्या आठवड्यात 2 होती, त्याच्या आधी 3. वाटेच्या शेवटी पोचले होते, तरी परत मागे गेले. तेवढंच अंतर तितक्याच सावकाश चालले, हाताने गवत बाजूला सारून पाहिलं. मोजणीच्या नियमात हे बसत नाही, पण मला राहवेना. एकही नव्हतं.

हे फुलपाखरू अंगठ्याच्या नखाएवढं. नराच्या पंखांची वरची बाजू फिकट निळी, पंख मिटले की राखाडी, त्यावर बारीक काळे ठिपके. जमिनीपासून वीतभर उंचीवरून उडतं आणि लगेच बसतं. फुलपाखराचं चित्र काढायला सांगितलं तर कुणी हे काढणार नाही. पण जागा पडीक होती, गुरं चरत होती, तेव्हा याच वाटेवर एका फेरीत पंचवीस-तीस सहज दिसायची. आम्ही जागा राखायला घेतली आणि तिथलं सगळ्यात साधं फुलपाखरू निघून गेलं.

जागा म्हणजे ओढ्याच्या काठाचा अर्ध्या एकराहून थोडा कमी तुकडा. तीन-चार बोरी, एक जुनं करंज, काठाला रुई, बाकी गवत आणि पावसाळ्यात उगवेल ते. मालक आजोबांना तिचा काही उपयोग नव्हता. "काय लावायचं ते लावा, फक्त माझं करंज तोडू नका," एवढीच त्यांची अट. आम्ही चार-पाच जण होतो. सगळे हौशी. पहिल्या पावसात आम्ही जे केलं ते बहुतेक जण करतात. तण उपटून जमीन साफ केली आणि फुलझाडं लावली. झिनिया, पेंटास, झेंडू. फुलपाखरं आली, खूप आली, फोटो निघाले. महिना-दीड महिना आम्ही खुशीत होतो.

मग हळूहळू लक्षात आलं की ती फक्त पिऊन जात होती. आमच्या तुकड्यात त्यांचं एकही अंडं नव्हतं.

हे कळायला एका लाइम बटरफ्लायच्या मादीच्या मागे सकाळचा एक तास फिरावं लागलं. ती फुलांकडे वळून बघत नव्हती. झुडपामागून झुडूप, पानामागून पान. पानावर टेकायची, पुढचे पाय पानावर भराभर आपटायची आणि उडायची. फुलपाखरांना पायांनी चव कळते. पान आपल्या पिल्लांचं आहे की नाही हे मादी असं तपासते. वीस-पंचवीस झाडं नाकारून ती कुंपणापलीकडच्या एका लिंबाच्या रोपावर गेली, पोट वाकवून कोवळ्या पानावर मोत्यासारखं एक अंडं टेकवलं आणि पुढच्या फांदीवर गेली. लिंबू, बेल, कढीपत्ता हे एकाच कुळातले. तिच्या अळीला यांच्यापैकी काहीतरी हवं. झिनियाच्या पानांवर ती अळी उपाशी मरेल.

मोठं झालेलं फुलपाखरू बहुतेक फुलांवर भागवून घेतं. अळीचं तसं नाही. प्लेन टायगरच्या अळीला रुईच्या कुळातली झाडं हवीत. रेड पायरोला पानफुटी. कॉमन पायरोला बोर. कॉमन जेझेबेलला, ज्याला आपल्याकडे हळदीकुंकू म्हणतात, त्याला बांडगूळ. फुलपाखरू टिकवायचं म्हणजे त्याच्या अळीचं झाड टिकवायचं. त्याला आम्ही खाद्यवनस्पती म्हणतो. फुलं नंतर.

आणि मग जे उमगलं त्याचं वाईट आजही वाटतं. 'तण' म्हणून आम्ही जे उपटून ढीग घातला होता त्यात टाकळा होता, म्हणजे ग्रास यलो आणि एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्यांचं अन्न. घोळ होती, डॅनाइड एगफ्लायचं. आंबुशी होती. ढिगावर अळ्याही असणार. आम्ही बघितलंच नव्हतं. त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली: हात घालण्याआधी पान उलटून बघायचं.

पुढच्या पावसात खाद्यवनस्पती लावल्या. कढीपत्ता, लिंबू, बेल, पानफुटी, सीताफळ, तगर. काही बियांपासून केल्या, काही तयार रोपं विकत आणली. आणलेल्या लिंबांवर आठवडाभरातच लाइम बटरफ्लायची अंडी दिसली. आम्ही रोज बघायला जायचो. अळ्या बाहेर आल्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, तपकिरी-पांढऱ्या, जशा असायला हव्यात तशा. तिसऱ्या दिवशी त्या पानाच्या कडेला आकसून पडलेल्या होत्या. दुसऱ्या रोपावरही तेच. बियांपासून वाढवलेल्या लिंबावर मात्र अळ्या चार वेळा कात टाकून हिरव्यागार, बोटाएवढ्या झाल्या. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडायच्या. फरक एकच होता. विकतची रोपं देखणी दिसावीत म्हणून त्यांना आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं असतं. ते पानाच्या वर राहत नाही, मुळांतून रसात जातं आणि पुढे कितीतरी दिवस पानात राहतं, धुऊन निघत नाही. आम्ही मादीसमोर विष मांडून ठेवलं होतं, तेही तिचं आवडतं पान निवडून. तेव्हापासून आम्ही बियांपासून किंवा ओळखीच्या, फवारणी नसलेल्या झाडाच्या फांदीपासूनच रोपं करतो. वेळ लागतो.

दुसरी चूक प्रेमापोटी झाली. रुईवर प्लेन टायगरच्या अळ्या होत्या, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. पानाची शीर आधी कुरतडायची, चीक वाहून जाऊ द्यायचा आणि मग पुढचं पान खायचं, ही तिची पद्धत. तासन्‌तास बघत बसावं अशी. पण रोज संख्या कमी व्हायची. कधी कोळी, कधी गांधीलमाशी, कधी अळीच्या अंगावर परजीवी वास्पचे, म्हणजे अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारक्या गांधीलमाशीचे, पांढरे कोष. आम्हाला ते बघवेना. आम्ही अळ्या खोक्यांत आणून वाढवायला लागलो. पहिल्या खेपेला पंधरा फुलपाखरं सोडली. दुसऱ्या खेपेला एका खोक्यातल्या अळ्या मलूल झाल्या, काळवंडल्या आणि मागच्या पायांवर उलट्या लोंबू लागल्या. दोन दिवसांत सगळं खोकं गेलं. शेजारचंही. दाटीत वाढलेल्या अळ्यांमध्ये विषाणूंचा रोग असाच पसरतो. मोकळ्या झाडावर दोन अळ्यांमध्ये अंतर असतं, पाऊस पानं धुतो, ऊन पडतं. मोनार्क फुलपाखरांमध्येही एक परजीवी असतो. रोगी मादीच्या अंगावरचे बीजाणू पानावर पडतात, अळी ते पानासोबत खाते, आणि गर्दी जितकी जास्त तितका तो पसरतो.

खोकी धुऊन ठेवून दिली. त्या वास्पचंही तिथे घर आहे, हे स्वीकारायला मला बरेच दिवस लागले. एक मादी शेकडो अंडी घालते. त्यातली दोन फुलपाखरं होऊन पुढच्या पिढीपर्यंत पोचली तरी ती जात टिकते. बाकीच्यांवर कोळी, पक्षी आणि वास्प जगतात. आपण अळ्या वाचवायला बसलो तर झाड वाचवायला वेळ उरत नाही.

याच सुमाराला मोजणी सुरू केली. तोवर आमचं सगळं 'वाटतं' यावर चालायचं. यंदा जास्त वाटतात, यंदा कमी वाटतात. एका मोठ्या, सुंदर फुलपाखराच्या दर्शनाने आख्खा आठवडा चांगला गेल्यासारखा वाटतो आणि बारकी फुलपाखरं कमी झालेली कळतच नाहीत. अर्नेस्ट पोलार्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1973 पासून केंब्रिजशरमधल्या मंक्स वुड इथे एक पद्धत वापरून पाहिली आणि 1976 पासून ती ब्रिटनभर सुरू झाली. ठरलेली वाट, ठरलेली चाल, आठवड्यातून एकदा. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्या चौकटीत जे दिसेल तेवढंच मोजायचं. पाठीमागे गेलेलं मोजायचं नाही. चौकटीबाहेर कितीही दुर्मीळ दिसलं तरी आकड्यात धरायचं नाही, वेगळं लिहायचं. थंडी असली, पाऊस असला, जोराचा वारा असला तर मोजणी नाही. त्यांच्याकडे तापमान 13 अंशांच्या खाली असेल तर फेरी करत नाहीत. आमच्याकडे अडचण उलटी, दुपारी फुलपाखरं सावलीत बसतात. म्हणून आम्ही सकाळी नऊ ते अकराची वेळ धरली आणि तीच ठेवली.

लिहायला हे सोपं आहे. करताना पहिले दोन महिने मी रडकुंडीला आले होते. ग्रास यलोच्या जाती उडताना वेगळ्या ओळखता येत नाहीत. स्किपर फुलपाखरं समोरून गेलेली कळतात, कोणती ते कळत नाही. शेवटी 'ग्रास यलो, जात नक्की नाही' असा रकाना केला आणि त्यावर निर्धास्त झाले. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा ते बरं. डॅनाइड एगफ्लायची मादी तर प्लेन टायगरची इतकी हुबेहूब नक्कल करते की ती बसून पंख उघडेपर्यंत थांबावं लागतं. प्लेन टायगर कडवट म्हणून पक्षी त्याला टाळतात, ती त्याच्या वेषात वाचते. हळूहळू डोळा तयार झाला. उडण्याच्या ढंगावरून ओळख पटायला लागली, लांबून माणूस चालीवरून ओळखावा तशी.

आता कुंपण.

बाहेरची गुरं येऊन आमची रोपं खायची. कढीपत्त्याची अर्धी रोपं एका दुपारी गेली. म्हणून वर्गणी काढून तारेचं कुंपण घातलं आणि आत गवत कापायचंही बंद केलं. 'जंगली राहू द्या' हे तेव्हा आम्हाला फार पटलेलं होतं. पहिल्या वर्षी गवत गुडघ्याएवढं झालं, दुसऱ्या वर्षी कमरेएवढं. दिसायला सुंदर दिसायचं. वाऱ्यावर लाटा यायच्या. बुशब्राउन आणि इव्हनिंग ब्राउन वाढली, कारण त्यांच्या अळ्या गवतच खातात. वहीतले ते आकडे बघून आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. निळ्या फुलपाखरांचा रकाना खाली खाली येत होता आणि मी त्याला कधी पावसाची सबब देत होते, कधी उन्हाची.

शून्याच्या त्या सकाळी मी तारेपाशी उभी होते. पलीकडे एक मावशी दोन गायी घेऊन रोज यायच्या. कुंपण घातल्यापासून त्यांना लांबून वळसा पडत होता, म्हणून माझी त्यांच्याशी नजर मिळवायची हिंमत होत नसे. त्यांनीच विचारलं, "काय हरवलं का ताई?"

मी सांगितलं, बारकी निळी फुलपाखरं दिसत नाहीत.

"आंबुशीवरची? ती हिकडं हायेत की."

त्यांच्या गायी चरत होत्या तिथे गवत टाचेएवढं होतं. मध्येमध्ये उघडी माती, शेण, आणि सगळीकडे आंबुशीची तीन पाकळ्यांची पानं आणि पिवळी फुलं. त्यावर निळी फुलपाखरं उडत होती. मी तारेच्या या बाजूने बारा मोजली.

"मावशी, आमच्याकडे का नाहीत मग?"

"गवत माजल्यावर आंबुशी ऱ्हाती व्हय? तिला ऊन नगं?"

पेल ग्रास ब्लूची अळी आंबुशीच्या पानांवर वाढते. आंबुशी जमिनीलगत पसरते. उंच गवताने तिच्यावर सावली धरली, ती गेली, तिच्यामागे फुलपाखरू गेलं. पुस्तकं चाळून जे मला दोन वर्षांत जुळवता आलं नव्हतं ते मावशींना रोज दिसत होतं.

त्या रात्री मी लार्ज ब्लूबद्दल पुन्हा वाचलं. आधीही वाचलं होतं, पण लांबच्या देशातली एक हकीकत म्हणून. ब्रिटनमधलं हे मोठं निळं फुलपाखरू. त्याची अळी काही दिवस थाइम नावाच्या एका सुवासिक झुडपाच्या फुलांवर राहते, मग खाली जमिनीवर पडते. लाल मुंग्यांची एक जात तिला आपलं पिल्लू समजून वारुळात नेते आणि ती तिथे मुंग्यांची पिल्लं खाऊन सुमारे दहा महिने काढते. ही मुंगी, मिर्मिका सॅब्युलेटी, फक्त ऊन लागणाऱ्या, आखूड गवताच्या गरम जमिनीत टिकते. 1950 च्या दशकात मिक्झोमॅटोसिसच्या साथीत ससे मेले, डोंगरउतारांवरची चराई कमी झाली, गवत काही सेंटिमीटर वाढलं, माती गार झाली आणि मुंग्या गेल्या. झुडूप होतं, फुलं होती. फुलपाखरू मात्र 1979 मध्ये ब्रिटनमधून नाहीसं झालं. संग्राहक शिरू नयेत म्हणून एका ठिकाणी कुंपणही घातलं होतं, त्या कुंपणाने गुरं बाहेर राहिली आणि तिथलं फुलपाखरू संपलं. जेरेमी थॉमस यांनी हे मुंगीचं कोडं सोडवलं, तोवर उशीर झाला होता. पुढे 1983 पासून स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवलं, आधी चराई परत आणून.

वाचता वाचता वही उघडली आणि आमच्या तारेची तारीख बघितली.

आम्ही बसलो. दोघांना कुंपण काढणं पटेना. रोपांचं काय, हा त्यांचा प्रश्न खरा होता. सगळं गवत एकदम कापून टाकावं असंही एकाने सुचवलं. पण तसं केलं असतं तर बुशब्राउनचं घर गेलं असतं, गवताच्या काड्यांवरचे कोष गेले असते. एका जातीसाठी दुसरीचा बळी, असं पुढे कधीच थांबलं नसतं. शेवटी जागेचे पाच पट्टे केले. एका वेळी एकच पट्टा कापायचा, मग चार-पाच आठवडे थांबायचं, मग पुढचा. एक पट्टा वर्षभर कापायचाच नाही, दरवर्षी तो बदलायचा. विळ्याने, चार बोटं उंची ठेवून. यंत्राने जमिनीशी भादरायचं नाही. कापलेलं गवत दोन दिवस जागेवर ठेवायचं, म्हणजे त्यातल्या अळ्या आणि किडे शेजारच्या पट्ट्यात सरकतील, मग उचलायचं. उचलायला विसरलो तर ते तिथेच कुजून माती आणखी सुपीक होते आणि पुन्हा गवतच जोर करतं. हे एकदा झालंही.

आणि कुंपणाला एक फाटक केलं. मावशींना जाऊन विचारलं, गायी आत आणाल का, एका पट्ट्यात, ठरलेले दिवस. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. "मागं तार तुमीच घातली न्हवं," म्हणाल्या. मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, आत फिरल्या, आणि कोणता पट्टा कधी चारायचा ते त्यांनीच सांगितलं, कारण कुठे पाणी साठतं आणि गायीचे खूर कुठे रुततात हे आम्हाला माहीत नव्हतं. गाय जिभेने गवत ओढून खाते, त्यामुळे कुठे आखूड, कुठे झुबका असं उंचसखल राहतं. विळ्याने ते साधत नाही. खुरांनी उघडी पडलेली माती आंबुशीला आणि घोळीला उगवायला मिळाली. ओढ्याकाठी खुरांच्या खळग्यांत ओल राहिली तिथे चिखलपान करायला फुलपाखरं थव्याने बसू लागली. हे बहुतेक नर असतात. ओल्या मातीतले क्षार ते गोळा करतात आणि मीलनात मादीला देतात.

रोपांभोवती आता काट्यांचे लहान आळे आहेत. तार अजून आहे, फाटक उघडं असतं.

पतंगांकडे आम्ही उशिरा वळलो, आणि त्याची खंत आहे. जगात फुलपाखरांच्या सुमारे 18,000 जाती आहेत, पतंगांच्या 1,60,000 च्या आसपास. म्हणजे आम्ही ज्याला फुलपाखरांचं काम म्हणत होतो त्यात या सगळ्या गोतावळ्याचा बारकासा भागच बघत होतो. एका रात्री करंजाला पांढरी चादर बांधली, दिवा लावला. तासाभरात चादर भरली. तांदळाच्या दाण्याएवढ्यांपासून तळहाताएवढ्यांपर्यंत. वाळक्या काटकीसारखे, बुरशीसारखे, शेवाळासारखे. मी नुसती उभी होते. मला त्यातल्या चारांची नावं आली.

दिवा तासाभराहून जास्त ठेवत नाही. पतंग दिव्याकडे का येतात याचं एक चांगलं उत्तर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळालं. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिसलं की उडणारा कीटक प्रकाशाकडे पाठ करतो. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे वर कुठे हे त्याला पाठीवरून कळतं. जवळचा दिवा हा हिशोब बिघडवतो आणि तो त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतो. अडकलेली रात्र म्हणजे जोडीदार न शोधलेली, अंडी न घातलेली रात्र. मून मॉथसारख्या काही पतंगांना तर मोठेपणी खाता येईल असं तोंडच नसतं, त्यांच्याकडे आठवडाभराचंच आयुष्य. म्हणून मोजून झालं की दिवा बंद आणि चादर झटकून पतंग झुडपांत सोडायचे. पहाटेपर्यंत चादर ठेवली तर बुलबुल आणि कोतवाल येऊन वेचून खातात. एकदा सकाळी चादरीखाली नुसते पंख पडलेले बघितले.

रस्त्याकडच्या बाजूला दोन झगझगीत पांढरे दिवे थेट आमच्या झुडपांवर पडतात. इंग्लंडमध्ये 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवे असलेल्या झुडुपी कुंपणांमध्ये पतंगांच्या अळ्या अंधाऱ्या भागापेक्षा 47 टक्क्यांनी कमी निघाल्या, आणि पांढऱ्या एलईडीखाली परिणाम जास्त होता. हे घेऊन मी बरेच हेलपाटे घातले. एका दिव्याला झाकण बसलं, प्रकाश आता खाली पडतो. दुसऱ्यासाठी अजून जाते आहे.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो पालापाचोळ्यावरून. तगरीवर ऑलिएंडर हॉकमॉथची अळी होती. हिरवी, बोटाहून जाड, मानेजवळ दोन निळे-पांढरे डोळे, खरे नव्हेत पण दचकवणारे. एका संध्याकाळी ती तपकिरी झाली. कोषात जाण्याआधी ती रंग बदलते आणि खाली उतरून चालू लागते. मी तिच्या मागे मागे गेले. बोरीखालच्या पाचोळ्यात ती शिरली. पानं हलली आणि मग हलेनाशी झाली. जागेवर एक काटकी रोवून ठेवली. तेराव्या दिवशी गेले तर बोरीखाली काळं वर्तुळ होतं. कुणीतरी जागा स्वच्छ करून पाचोळा पेटवला होता. चांगल्या मनाने. त्यांना वाटलं आम्हाला मदत होईल.

किती पतंगांचे कोष पाचोळ्यात, मातीच्या वरच्या थरात असतात हे त्या माणसाला माहीत असायचं कारण नाही. मलाही काही वर्षांपूर्वी नव्हतं. कोरड्या ऋतूत इव्हनिंग ब्राउनच्या पंखांवरचे ठळक डोळे जवळजवळ नाहीसे होतात आणि ते हुबेहूब वाळक्या पानासारखं दिसतं, त्या पाचोळ्यात बसता यावं म्हणूनच. पाचोळा जळाला की त्याचा हा सगळा वेष उघडा पडतो. आता बोरीखाली आम्ही पाटी लावली आहे: 'इथला पाचोळा राहू द्या. यात पतंगांचे कोष झोपले आहेत.' लहान मुलं ती वाचतात आणि घरच्यांना सांगतात. तेवढ्यावर दोन वर्षं निभावलं आहे.

गेल्या पावसाळ्यात निळ्यांचा रकाना असा भरला: 1, 0, 4, 3, 9, 7. पुढे दोन आठवडे पावसामुळे फेरी नाही. मग 11. एका वर्षाच्या आकड्यांवर बोलायचं नसतं, हे मोजणीनेच शिकवलं. फुलपाखरांची संख्या हवेप्रमाणे वरखाली होत असते, कल कळायला बरीच वर्षं लागतात. पण मी ते आकडे मावशींना वाचून दाखवले. त्यांनी फक्त विचारलं, "तिसरा पट्टा कवा कापणार?"

काल मी तिसऱ्या पट्ट्यात पान उलटून बघत होते. आंबुशीच्या एका पानाच्या खालच्या बाजूला हिरवी, चपटी, पानाच्याच रंगाची अळी होती, तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी. दिसली ती मुंगीमुळे. एक काळी मुंगी तिच्या पाठीवर मिशा फिरवत होती, थांबत होती, पुन्हा फिरवत होती. या अळ्या पाठीवरच्या ग्रंथीतून मुंग्यांना गोड थेंब देतात आणि मुंग्या त्यांच्याभोवती राखण करतात. शेजारच्या पानांवर बघितलं. आणखी दोन होत्या. मुंग्या तिथेही होत्या.

फाटकापाशी मावशींना सांगितलं, तिसरा पट्टा तीन आठवडे नको, आधी चौथा घेऊ. त्यांनी मान डोलावली आणि गायी चौथ्याकडे वळवल्या.